मॅरेथॉननंतर पाय आंबले? फिजिओथेरपी तास मोजून घ्या

माझी पहिली मॅरेथॉन संपली तेव्हा पाय दमले होते, पण दुखत नव्हते. संध्याकाळी जरा जड वाटले, इतकंच. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरायला गेलो आणि पहिल्याच पायरीवर कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, पोटऱ्यांना हात लावू देववत नव्हता. घाबरून त्याच दुपारी जोरकस मालिश करून घेतली. कोपराने मांड्या रगडल्या जात असताना मी दात आवळून पडून राहिलो, कारण ‘दुखल्याशिवाय मोकळं होत नाही’ असं जो तो सांगत होता. रात्री मांडीवर काळेनिळे डाग उठले. मग आठवडाभर एका ठिकाणी रोज जाऊन मशीन लावून घेतलं. त्या आठवड्यात माझे पाय कुणी तपासले नाहीत. पाय बरे झाले तेव्हा मला वाटलं, मशीननेच बरे झाले.

पुढच्या शर्यतीनंतर वेगळ्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी टेबलावर झोपवण्याआधी विचारलं, “दुखायला कितव्या तासाला सुरुवात झाली?” या एका प्रश्नाने माझा बराच गोंधळ निस्तरला. आंबलेल्या स्नायूवरचा उपचार घड्याळावर चालतो. जी मालिश तिसऱ्या दिवशी आराम देते तीच, जोर लावून केली तर, पहिल्या दिवशी नुकसान करते. लांब पल्ल्याचं धावणं, सायकलिंग, ट्रायथलॉन (सलग पोहणं, सायकल आणि धावणं) किंवा डोंगरातली शर्यत पहिल्यांदाच करणाऱ्यांना ही वाट आधीच माहीत असावी, म्हणून हे क्रमाने लिहितो आहे.

## १. आधी ओळखा: हे आंबणं आहे की इजा?

श्रमानंतर उशिरा सुरू होणाऱ्या या दुखण्याला क्रीडावैद्यकात ‘डॉम्स’ म्हणतात. ते साधारण १२ ते २४ तासांनी जाणवू लागतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचतं आणि पाच ते सात दिवसांत ओसरतं. मुळात दुसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट असतो. हे ठाऊक नसलं की माणूस दुसऱ्या दिवशी घाबरून भलतेच उपचार करून घेतो. माझं नेमकं तेच झालं.

लॅक्टिक अ‍ॅसिड साचल्यामुळे पाय दुखतात हा समज अजून घट्ट आहे. पण धावणं थांबल्यावर रक्तातलं लॅक्टेट (याच अ‍ॅसिडचं रक्तातलं रूप) तास-दीड तासात पूर्वपदावर येतं. ते दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याला कारण ठरू शकत नाही. थिओडोर हाउ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच, हे दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक फाटण्याशी जोडलेलं असावं असं मांडलं होतं. आजचं चित्र साधारण असं आहे: स्नायू ताणला जात असतानाच त्याला आकुंचनाचं काम करावं लागलं, की त्यातल्या सूक्ष्म तंतूंची रचना विस्कटते. मग दुरुस्तीसाठी दाह सुरू होतो आणि तिथल्या वेदनावाहक नसा हळव्या होतात. उतारावर धावताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला हेच काम करतो. म्हणून चढापेक्षा उतार जास्त महागात पडतो, आणि म्हणूनच शर्यतीनंतर जिना चढणं जमतं पण उतरणं जमत नाही.

आता आंबणं आणि इजा यांतला फरक. आंबलेलं दुखणं दोन्ही पायांत साधारण सारखं असतं. ते पसरलेलं असतं, एका बोटाने दाखवता येत नाही. बसून उठल्यावर ते जास्त जाणवतं आणि चार पावलं चाललं की थोडं सैल होतं. इजा बहुतेकदा एकाच बाजूला असते. ‘अमुक किलोमीटरला चमक निघाली’ असा तिचा क्षण आठवतो, जागा बोटाने दाखवता येते आणि चालत राहिलं की ती वाढते. नडगीच्या हाडावर किंवा पावलाच्या हाडावर एका ठिपक्याएवढ्या जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायला हवी. तिथे फोम रोलर (अंगाखाली घेऊन स्नायूवर फिरवायचं नळकांडं) नको, मालिश नको, धावणं तर नकोच. आधी तपासणी.

## २. या खुणा दिसल्या तर फिजिओची वेळ घेऊ नका, थेट डॉक्टर गाठा

हा भाग चाळून पुढे जाऊ नका.

लघवीचा रंग गडद तपकिरी, काळ्या चहासारखा झाला असेल आणि सोबत स्नायू प्रचंड सुजून निकामी झाल्यासारखे वाटत असतील, तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरलेलं असू शकतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. यात मूत्रपिंडाला धोका असतो, आणि हा धोका तासांचा असतो, दिवसांचा नाही.

एकच पोटरी सुजली, गरम लागली, लालसर झाली, विशेषतः शर्यतीनंतर लांबचा प्रवास बसून केला असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता तपासून घ्यावी लागते. तो पाय चोळू नका. सोबत छातीत दुखलं किंवा धाप लागली तर एक मिनिटही थांबू नका.

शर्यतीनंतर काही तासांत डोकेदुखी, उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू झालं तर कारण नुसता थकवा नसू शकतो. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घटलेलं असू शकतं. अशा माणसाला ‘पाणी पी, बरं वाटेल’ म्हणून आणखी पाणी पाजणं घातक ठरतं.

नडगीच्या भागात स्नायू लाकडासारखा टणक होणं, पाय बधिर पडणं, पाऊल वर उचलता न येणं, आणि दुखणं विसाव्यातही वाढत जाणं ही सुद्धा तातडीची लक्षणं आहेत.

## ३. पहिले सहा तास: कमी करा, पण हे नक्की करा

अंतिम रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चालत राहा. एकदम थांबलं की पायांतलं रक्त वर परतायला वेळ लागतो आणि घेरी येते. मग कोरडे कपडे, तहान लागेल तसं पाणी, आणि दोन-तीन तासांत प्रथिनं व पिष्टमय पदार्थ असलेलं साधं जेवण. पाय थोडे उंचावर ठेवून पडलात तर बरं वाटतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या गटातल्या वेदनाशामक गोळ्या शर्यतीआधी, शर्यतीत किंवा लगेच नंतर घेऊ नका. धावताना घामाने शरीर कोरडं पडलेलं असतं आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं. त्याही परिस्थितीत तो प्रवाह टिकवून धरणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं ही औषधं रोखतात. अनेक धावपटू खिशात गोळी ठेवतात आणि तिला निरुपद्रवी समजतात. गोळी लागणारच असेल तर पोटात पाणी राहतंय, लघवी नेहमीसारखी होते आहे याची खात्री झाल्यावर, डॉक्टरांना विचारून घ्या.

याच काळात जोरकस मालिश, खोल दाब देणारं ‘डीप टिश्यू’ आणि ताकदीने केलेलं स्ट्रेचिंग टाळा. फाटलेल्या तंतूंना आणखी ओढून काहीच साधत नाही.

## ४. थंड पाणी: घ्यायचं तर नीट मोजून

बर्फाच्या टबात बसलेल्या खेळाडूंचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात १७ छोटे प्रयोग एकत्र तपासले गेले. नुसती विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा थंड पाण्यात बसणाऱ्यांचं पुढच्या काही दिवसांतलं दुखणं कमी होतं, असं त्यात दिसलं. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. स्नायूची दुरुस्ती त्यामुळे लवकर होते असं धरून चालू नका. दुखणं मात्र सुसह्य होतं.

प्रमाण असं ठेवा: पाण्याचं तापमान १० ते १५ अंश सेल्सिअस, वेळ १० ते १५ मिनिटं, पाणी कमरेपर्यंत. थर्मामीटर घ्याच. मी अंदाजाने बर्फ टाकत होतो आणि एकदा पाणी ६ अंशांवर गेलं होतं. पावलं बधिर झाली आणि बाहेर पडताना तोल गेला. इतक्या थंडीतून जास्त फायदा मिळत नाही, त्वचेला आणि नसांना इजा होण्याची शक्यता तेवढी वाढते. शेजारी कुणीतरी असू द्या. हुडहुडी भरलेली असताना, अंग गार पडलेलं असताना टबात उतरू नका. आधी अंग ऊबदार होऊ द्या.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, थंडीने बोटं पांढरी पडण्याचा त्रास, थंडीची अ‍ॅलर्जी, मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असणं, किंवा उघडी जखम असेल तर हा उपचार तुमच्यासाठी नाही.

टब नसेल तर बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून एका जागी १० मिनिटं ठेवा. बर्फ कधीही थेट त्वचेवर ठेवू नका. आणि ताकदीच्या व्यायामाचे दिवस चालू असतील तेव्हा रोजच्या रोज थंड टबात बसायची सवय लावून घेऊ नका. वजनं उचलल्यानंतर नियमित थंड पाण्यात बसल्याने स्नायूची दीर्घकालीन वाढ मंदावते, असं अभ्यासात दिसलं आहे. थंड टब शर्यतीपुरता राखून ठेवा.

## ५. फिजिओथेरपिस्टची वेळ कधी घ्यायची, सोबत काय न्यायचं

प्रत्येक आंबलेल्या पायाला फिजिओथेरपिस्ट लागतोच असं नाही. दोन्ही पाय सारखे दुखत असतील आणि रोज थोडा फरक पडत असेल, तर घरीच निभावतं. भेट घ्यावी ती अशा वेळी: दुखणं एका बाजूला जास्त आहे, तिसऱ्या दिवसानंतरही वाढतंच आहे, आठवडा उलटूनही जिना उतरता येत नाही, प्रत्येक शर्यतीनंतर तोच स्नायू धरतो, किंवा पुढची शर्यत जवळ आहे आणि सराव कधी सुरू करायचा ते समजत नाही.

उपचार करणाऱ्याकडे फिजिओथेरपीची पदवी आणि नोंदणी आहे ना, हे आधी विचारा. विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. सहनशक्तीच्या खेळाडूंचा अनुभव असेल तर उत्तमच.

सोबत न्यायच्या गोष्टी:

- शर्यतीत वापरलेले बूट, न धुता. तळ कुठे झिजलाय ते बघायचं असतं.
- मागच्या आठ-दहा आठवड्यांची सरावाची नोंद: आठवड्याचं अंतर, सर्वांत लांब धाव, चढ-उतार. घड्याळातली किंवा फोनमधली चालते.
- शर्यतीचा मार्ग आणि उताराचा अंदाज.
- दुखणं कधी सुरू झालं, कुठे, किती (शून्य ते दहा), कशाने वाढतं, कशाने कमी होतं, हे लिहिलेला कागद. टेबलावर झोपल्यावर अर्धं आठवत नाही.
- चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणारं औषध असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा. मालिशचा दाब आणि सुयांचे उपचार त्यावर अवलंबून असतात.
- जुने अहवाल: एक्स-रे, एमआरआय, शस्त्रक्रियेचे कागद.
- आखूड चड्डी. लांब पँट गुडघ्यावर गुंडाळून मांडी तपासता येत नाही.

शर्यतीनंतरच्या पाच-सहा दिवसांत नेहमीची आरोग्य तपासणी म्हणून रक्त देऊ नका. लांब शर्यतीनंतर क्रिएटिन कायनेज हे स्नायूतलं एन्झाइम कित्येक पटींनी वाढतं. यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी काही एन्झाइमं स्नायूंतही असतात, तीही वर जातात. अहवालात लाल अक्षरं दिसली की माणूस हबकतो. ज्यांना शर्यतीचं ठाऊक नाही असे डॉक्टरही साहजिकच पुढच्या तपासण्या सुचवतात. मात्र दुसऱ्या भागातली एखादी खूण असेल तर रक्ततपासणी लगेच करायची, आणि शर्यत कधी झाली ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

## ६. पहिल्या भेटीत काय व्हायला हवं

चांगल्या भेटीचा मोठा भाग बोलण्यात आणि तपासण्यात जातो. आधी प्रश्न. मग तुम्हाला उभं करून, चालवून, एका पायावर उभं करून, अर्धं बसवून पाहिलं जातं. सांधा किती फिरतो, स्नायूत जोर किती, डाव्या-उजव्यात फरक किती, हे मोजलं जातं. हाताने दाबून दुखरी जागा शोधली जाते. त्यानंतर तुम्हाला एक स्पष्ट वाक्य ऐकायला मिळालं पाहिजे: हे आंबणं आहे, किंवा इथे इजा आहे, किंवा नक्की सांगायला अमुक तपासणी हवी.

तुम्ही विचारायचे प्रश्न तीनच. हा उपचार नेमका कशासाठी, दुखणं कमी करायला की ताकद परत आणायला? किती दिवसांत फरक दिसला नाही तर बेत बदलायचा? घरी मी काय करायचं?

तपासणीशिवाय ‘दहा दिवस येत जा’ असं सांगून कुणी थेट मशीन लावत असेल तर उठून यायला लाजू नका. आंबलेले पाय आठवड्यात आपोआप बरे होतात. म्हणून त्या आठवड्यात लावलेल्या कुठल्याही गोष्टीला श्रेय मिळतं. मीही ते श्रेय भलतीकडे देऊन बसलो होतो.

## ७. कोणता उपचार, कितव्या दिवशी

मालिश. थकवा आणि दुखणं कमी करणाऱ्या वेगवेगळ्या उपायांची तुलना करणारा एक मोठा आढावा २०१८ मध्ये आला. त्यात ९९ अभ्यास एकत्र पाहिले होते आणि मालिश सर्वांत परिणामकारक ठरली. मग माझ्या मांडीवर डाग का उठले? दाब आणि वेळ, दोन्ही चुकले म्हणून. पहिल्या ४८ तासांत मालिश हवी असेल तर ती हलकी हवी: तळव्याने, लांब संथ हात, पावलाकडून वर, एका पायाला सात ते दहा मिनिटं. ट्रायथलॉन संपवलेल्या खेळाडूंवर झालेल्या एका प्रयोगात मांडीच्या फक्त सात मिनिटांच्या मालिशने दुखणं आणि थकवा कमी झाला होता. म्हणजे तासभर रगडून घ्यायची गरज नाही. शून्य ते दहाच्या मापात दाबाने होणारी वेदना तीनच्या वर जाऊ देऊ नका. श्वास रोखला जातोय, अंग आखडतंय असं वाटलं की लगेच ‘हलका हात’ असं सांगा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एखादी गाठ मोकळी करायला थोडा खोल दाब चालतो. मालिशने ‘विषारी द्रव्यं निघून जातात’ असं कुणी सांगितलं तर त्याकडे लक्ष देऊ नका. आराम मिळतो तो मुख्यतः मज्जासंस्था शांत होऊन वेदनेची जाणीव उतरल्यामुळे.

फोम रोलर. दुसऱ्या दिवसापासून, हळू. एका स्नायूवर एक ते दोन मिनिटं, अंगाचा सगळा भार न टाकता. गुडघ्याच्या मागची खोबण, नडगीचं हाड आणि कंबरेचा मणका यांवर रोलर फिरवायचा नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड पट्टा रोलरने लांब होईल या आशेने त्याला चेचत बसण्यात अर्थ नाही. तो फारसा ताणला जाणारा भाग नाहीच. त्यापेक्षा मांडीच्या पुढचा स्नायू आणि नितंब यांवर वेळ द्या.

स्ट्रेचिंग. हे वाचून अनेकांना वाईट वाटेल, पण धावण्याआधी किंवा नंतर केलेल्या ताणांनी आंबण्यात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. कॉक्रेनच्या २०११ च्या आढाव्यात १०० गुणांच्या मापावर दुसऱ्या दिवशी साधारण एका गुणाचा फरक दिसला. लवचीकपणासाठी स्ट्रेचिंग करायचं असेल तर जरूर करा, पण दुखरा स्नायू जोराने ताणू नका.

हलका व्यायाम. हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सोपा उपाय. दुसऱ्या दिवशी २० मिनिटं सपाटीवर चालणं, कमी जोराची सायकल, किंवा पाण्यात चालणं. दुखणं तेवढ्यापुरतं नक्की उतरतं. नंतर ते परत येतं म्हणून निराश होऊ नका. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटं चाललं तर दिवस बराच सुसह्य जातो.

शेक. ताजी सूज असेल तर पहिल्या दिवशी शेक टाळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आखडलेपणासाठी गरम पाण्याची पिशवी १५-२० मिनिटं ठेवली तर छान वाटतं. पिशवीवर झोपू नका; भाजल्याचं झोपेत कळत नाही.

दाब देणारे मोजे आणि हवेचे बूट. गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे शर्यतीनंतर दिवसभर घातले तर थोडा फायदा होतो. हवा भरत-सोडत पायांना आवळणारे बूट २०-३० मिनिटं लावले की पाय हलके वाटतात. तेवढ्यासाठी लावायला हरकत नाही. ताकद त्याने लवकर परत येत नाही. आणि गुठळीची शंका असेल तर दोन्ही वर्ज्य.

टेन्स, म्हणजे करंट. त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देऊन वेदनेचा संदेश मंदावण्याची ही पद्धत आहे. मशीन चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ आराम वाटू शकतो. पेसमेकर असेल तर घ्यायचं नाही.

अल्ट्रासाउंड, म्हणजे ध्वनिलहरींनी उपचार करणारं मशीन. आंबलेल्या स्नायूसाठी यातून काही हाती लागतं असा भरवशाचा पुरावा नाही. माझा तो आठवडा यावरच गेला. तपासणीत निघालेल्या एखाद्या वेगळ्या दुखण्यासाठी फिजिओथेरपिस्टने कारण देऊन सुचवलं तर गोष्ट निराळी.

त्वचेवर चिकटवायच्या रंगीत टेपबद्दल थोडक्यात: आधार वाटतो, हालचालीची भीती कमी होते, दुरुस्तीचा वेग बदलत नाही. अ‍ॅलर्जी असेल तर त्वचा सोलते, म्हणून आधी छोटा तुकडा लावून पाहा.

या सगळ्यांपेक्षा झोप मोठी आहे. शर्यतीनंतरच्या दोन रात्री पाय ठणकल्याने झोप मोडते. गुडघ्याखाली उशी घ्या, आणि झोपायच्या आधी दहा मिनिटं सावकाश चाला. या दोन रात्रींसाठी दुसरी कामं बाजूला ठेवावी लागली तरी ठेवा.

## ८. चौथ्या दिवसापासून: दुखणं गेलं, ताकद अजून यायची आहे

इथे सर्वांत जास्त लोक फसतात. पाचव्या दिवशी दुखणं नाहीसं होतं, उत्साह परततो आणि माणूस जोरात धावायला जातो. पण दुखणं थांबलं म्हणजे स्नायूची ताकद आणि पावलाचं नियंत्रण पूर्ण परतलं असं नाही. कमकुवत स्नायूवर भार टाकला की तो भार स्नायुबंध आणि हाडांवर सरकतो. अशाच सहाव्या दिवशीच्या उत्साही धावेत माझा घोट्यामागचा स्नायुबंध धरला आणि पुढचे सात आठवडे गेले. शर्यतीने जे केलं नाही ते त्या एका धावेने केलं.

म्हणून धावण्याआधी या चार कसोट्या घ्या:

१. कठडा न धरता, वेग कमी न करता जिना उतरता येतो.
२. ३० मिनिटं भरभर चालल्यावर दुखत नाही, आणि दुसऱ्या सकाळीही नाही.
३. एका पायावर उभं राहून टाच उचलणं दोन्ही पायांनी सारख्या संख्येने जमतं.
४. एका पायावर अर्धं बसताना गुडघा आत कलत नाही, तोल जात नाही.

चारही जमल्या तर पहिली धाव २० मिनिटांची, सपाटीवर, गप्पा मारता येतील अशा वेगाने. त्यानंतर एक दिवस मोकळा. वेगाचा सराव आणि उतार पूर्ण मॅरेथॉननंतर दोन-तीन आठवडे तरी नकोत. यादरम्यान फिजिओथेरपिस्टने दिलेले ताकदीचे व्यायाम एक दिवसाआड करा. बहुतेक वेळा ते साधेच असतात: खुर्चीवरून सावकाश बसणं-उठणं, पायरीवर उभं राहून टाच हळू खाली सोडणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं. व्यायाम करताना तीनपर्यंतची वेदना चालेल, पण ती २४ तासांत उतरली पाहिजे. उतरली नाही तर पुढच्या वेळी संख्या निम्मी करा.

## ९. पुढच्या शर्यतीआधी स्नायूला उताराची ओळख करून द्या

ज्या कामाने स्नायू एकदा आंबला, तेच काम काही आठवड्यांनी पुन्हा केलं तर तो खूप कमी आंबतो. हे संरक्षण आठवडे, कधी कधी महिनेही टिकतं. गंमत म्हणजे त्यासाठी पहिल्या वेळी जबर दुखणं व्हावंच लागतं असं नाही. थोडा डोसही काम करतो. हे कळल्यापासून मी शर्यतीची तयारी बदलली.

शर्यतीच्या सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून एकदा सौम्य उतारावर पाच-सहा मिनिटं सावकाश उतरा. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, टाचा आपटायच्या नाहीत. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. शेवटचा उतारसराव शर्यतीच्या १० ते १४ दिवस आधी संपवा, म्हणजे आंबलेले पाय घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायची वेळ येणार नाही. उतार मिळत नसेल तर जिना उतरा. चढताना दोन्ही पायांनी, उतरताना प्रत्येक पायरीला मनात तीन मोजून. सुरुवातीला ६० पायऱ्या पुरतात, आणि पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या बोलणारच. किती दुखलं ते शून्य ते दहात लिहून ठेवा. फिजिओथेरपिस्टकडे न्यायच्या कागदावरची पहिली ओळ तीच असू द्या.